चौकोन मागे जातो

बोरी,
२८ सप्टेंबर २०२३

आत्या,

पाया पडते. चष्मा लावूनच वाच, नाहीतर मागच्यासारखं अर्धं पत्र तू तुझ्याच मनाने वाचशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलवरचं अक्षर डोळ्यांना टोचतं, म्हणून मी या वयात टपालवाल्याशी ओळख वाढवलीय. बालाजी म्हणतो, बोरीच्या पेटीत पत्र टाकणारी बायको फक्त त्यालाच मिळाली.

विषय कॅमेऱ्याचा आहे. बन्सीधरमामांनी जाण्याआधी दिलेला हा कॅमेरा बिघडलाय असं मला वाटायला लागलंय. सध्या इकडे फोटोंची घाई आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा एक चांगला फोटो काढून मगच निघायचं अशी रीत पडलीय. कशासाठी ते कुणी बोलून दाखवत नाही.

शेजारच्या रंगनाथदादालाही त्याच्या आईचा फोटो सोबत न्यायचाय. कस्तुराआजी खुब्याचं हाड मोडल्यापासून घराबाहेर येत नाही, दादा तिला उचलून खुर्चीत बसवतो. अंगणात नेलं तर उन्हाने तिचे डोळे मिटतात. म्हणून घरातच काढायचा. आजीची अट एकच: "माजा फोटो माज्या डोळ्यांचा पायजे बाई. मेल्यावर कुणी रंगवलेले डोळे मला नगं."

आता गंमत ऐक. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहऱ्याभोवती एक चौकोन येतो ना, जिथे चौकोन तिथे फोटो स्पष्ट, तो आजीवर बसतच नाही. तिच्या मागे भिंतीवर तिच्या मालकांचा, आप्पारावांचा, हार घातलेला फोटो आहे. चौकोन सरळ तिकडे जातो. आजी पुसट येते आणि आप्पाराव मागून टक लावून बघत असतात. काल घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर मला दचकायलाच झालं.

परभणीच्या दुकानात नवा कॅमेरा बघून आलेय. घेऊ का? दादा जायच्या आत आजीचा फोटो झालाच पाहिजे. पुढच्या वर्षी ती असेल असं कुणालाच वाटत नाही, तिलाही नाही.

तुझी,
अर्पिता


पेडगाव,
४ ऑक्टोबर २०२३

चि. अर्पिता,

आशीर्वाद. चष्मा लावूनच वाचलं. तुझं अक्षर असं आहे की चष्मा लावूनही निम्मं मनानेच वाचावं लागतं.

कॅमेरा बिघडलेला नाही. चेहरा शोधणं हे त्याचं काम, त्याला चेहरा सापडला. त्यात त्याचा काय दोष? नवा घेतलास तर नवाही तेच करील. चौकोन बंद कर आणि रिंग हाताने फिरव. तुझ्या मामांच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात कुठे होते चौकोन?

फोटोपेक्षा आधी उजेड बघ. दारातून येणारा उजेड बाजूने चेहऱ्यावर पडू दे. मग डोळ्यात बघ. बुबुळावर उजेडाचा एक बारीक ठिपका दिसतो, तो वरच्या अंगाला यायला हवा. तो असला की माणूस जिवंत दिसतं, नसला की कितीही स्पष्ट फोटो काढ, डोळे मातीचे दिसतात. ठिपका खालच्या अंगाला कधी येऊ देऊ नकोस. खालून उजेड फक्त चुलीचा येतो, त्यात माणसाचा चेहरा बदलतो.

आणि "हसा" म्हणू नकोस. म्हातारं माणूस हस म्हटलं की तोंड घट्ट मिटतं. खुर्ची फिरव, तिचं तोंड दुसऱ्या भिंतीकडे कर, इकडचं तिकडचं बोल आणि ती तुला विसरेपर्यंत थांब. तुझ्यात धीर कमी आहे. तो दुकानात मिळत नाही, नाहीतर मीच तुला घेऊन दिला असता.

आत्या


बोरी,
१० ऑक्टोबर २०२३

आत्या,

धीराचा टोमणा मिळाला. सगळं तू सांगितलंस तसं केलं. चौकोन बंद केला, रिंग हाताने फिरवली. मागच्या फोटोवर टॉवेलही टाकून बघितला. या वेळी आजी स्पष्ट आली, एकेक सुरकुती मोजावी इतकी. पण डोळे तू म्हणतेस तसे, मातीचे. खांदे वर ओढलेले, मान आखडलेली. मागून कुणीतरी हात ठेवील अशा भीतीने बसल्यासारखी.

म्हणून खुर्ची फिरवायला गेले. तिने माझा हात धरला. म्हणाली, "तिकडं तोंड करून मी न्हाई बसायची. ते आमचे मालक न्हाईत. दुसरंच कुणी बघायलंय."

मला वाटलं म्हातारपणाचं काही असेल. पण रंगनाथदादाने सांगितलं, तो लहान असल्यापासून आई अशीच. जेवताना, भाकरी करताना, निवडताना, पाठ त्या भिंतीला. टॉवेल टाकला तर म्हणते, "झाकल्यावर ते जास्त बघतंय." उतरवून ठेवायचाही जीव होत नाही, कारण नवऱ्याचा दुसरा फोटोच नाही.

आत्या, तो फोटो तुम्हा नवरा-बायकोच्या फोटोच्या दुकानातला आहे. खाली शिक्का आहे. घरात माणूस जायचं, आयुष्यात एकही फोटो काढलेला नसायचा, मग मामांना बोलावणं यायचं. भिंतीला टेकवून बसवलेल्या माणसाचा फोटो मामा काढायचे आणि मिटलेले डोळे तू ब्रशने उघडायचीस. मी लहानपणी तुझ्या शेजारी बसून बघितलंय ना. मग मागच्या पत्रात तू त्या फोटोबद्दल एक शब्द का लिहिला नाहीस?

परभणीचा दुकानदार म्हणतो, जुना फोटो आणा, कॉम्प्युटरवर दुसरे डोळे बसवून देतो. रंगनाथदादा बापासारखाच दिसतो म्हणतात, त्याचेच बसवू. मग आजी फिरून बसेल. काय करू? आधी कॅमेरा घेऊ, का आधी डोळे बदलून आणू?

तुझी,
अर्पिता


पेडगाव,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. अर्पिता,

तू नवा कॅमेराच घे. चांगला असेल तो. आजीला खाटेवर झोपल्या जागी काढ, भिंतीचा संबंधच येणार नाही.

आप्पारावांच्या फोटोला हात लावू नकोस. परभणीला नेऊ नकोस. दुसऱ्या कुणी आपल्या घरचा तसला फोटो आणून दिला तरी घेऊ नकोस.

माझा हात दुखतोय, जास्त लिहीत नाही.

आत्या


बोरी,
१९ ऑक्टोबर २०२३

आत्या,

आधी नवा घेऊ नको, दहा दिवसांत नवाच घे. तुझा हात दुखत नाहीये. हात दुखतो तेव्हा तुझ्या ओळी खाली घसरतात, या पत्रातल्या सरळ आहेत. हे मला तूच शिकवलंयस, बारीक बघायला.

मी रागावले नाही. घाबरले आहे थोडी. सांगते काय झालं ते.

या आठवड्यात टोळीवाल्यांच्या घरोघरी फोटो काढत फिरले. प्रत्येक घरात भिंतीवर गेलेली माणसं. ज्या फोटोंखाली तुमचा शिक्का आहे त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. तू ठिपक्याचं लिहिलं नसतंस तर मला कधी दिसलंही नसतं. पारूबाईच्या सासऱ्याच्या डोळ्यात ठिपका खाली. पाटलांच्या विहिरीजवळच्या घरातल्या म्हातारीच्या डोळ्यात ठिपका खाली. आप्पारावांच्या तर इतका खाली की पापणीला चिकटलेला. आणि ठिपक्याचं सोड, आत्या, डोळेच एक आहेत. मिशा वेगळ्या, पागोटी वेगळी, कुणाच्या कपाळावर कुंकू, आणि सगळ्यांतून एकच कुणीतरी बघतंय. मोठ्या माणसाचे नाहीत ते डोळे. आता मीही आजीच्या घरात शिरताना त्या भिंतीकडे बघत नाही.

खालून उजेड फक्त चुलीचा येतो, असं तू लिहिलंस. मग या सगळ्या फोटोंत चुलीपुढे बसलंय कोण?

रंगनाथदादाची टोळी दसऱ्यानंतर आठवड्याभरात निघेल. आजी मला रोज विचारते, "जमंल का गं तुला?" तिला काय सांगू?

अर्पिता


पेडगाव,
दसरा, २४ ऑक्टोबर २०२३

अर्पिता,

चुलीपुढे पप्पू बसलाय.

तुला तो माहीत नाही. तुझ्या जन्माआधीच गेला, आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही असं मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. माझा मुलगा. सहा वर्षांचा होता. दोन दिवस ताप आला आणि गेला.

त्याचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याचं पोर आणि फोटो नाही, लोकांना खरं वाटायचं नाही. तेव्हा रोल असायचे. रोलमधल्या शेवटच्या फोटोवर पप्पूला काढू, असं दर वेळी ठरायचं, आणि दर वेळी त्या शेवटच्या फोटोला कुणीतरी गिऱ्हाईक यायचं. पप्पू केस विंचरून, पावडर लावून तयार बसायचा. मग मी त्याला म्हणायची, पुढच्या रोलला.

तो गेला तेव्हा तुझे मामा जिंतूरला लग्नाच्या फोटोंना गेले होते. आले, आणि त्याच्याजवळ बसून त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. मिटल्या डोळ्यांचं लेकरू मला भिंतीवर नको होतं. त्यांनी ऐकलं. आज वाटतं, ऐकायला नको होतं.

त्यानंतर दुकानात पहिला मेलेल्या माणसाचा फोटो डोळे रंगवायला आला. मी ब्रश टेकवला आणि हात आपोआप चालला. मी ठरवून केलं नाही. पूर्ण झाल्यावर बघितलं तर तो होता, चुलीपुढे बसल्यावर दिसायचा तसा. मी घाबरले नाही, मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मग पुढचे सगळे तसेच होत गेले. तुझ्या मामांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. असला फोटो ते गिऱ्हाइकाला देण्याआधी थोडा वेळ एकटे घेऊन बसायचे.

आता मला त्याचा चेहरा आठवत नाही. नाक कसं होतं, दात कुठला पडला होता, काही नाही. डोळे तेवढे माझ्या हाताला येत होते, तर आता ब्रश धरवत नाही. तो उरलाय तो लोकांच्या भिंतींवरच. म्हणून तू बदलून आणते म्हणालीस तेव्हा मी ते पत्र लिहिलं.

पण कस्तुराबाईंच्या नवऱ्याचे डोळे मी घेतले हे खरं आहे. तिला सगळं सांग. ती काढून टाक म्हणाली तर काढून टाक. मला विचारत बसू नकोस.

नर्मदाआत्या


बोरी,
३१ ऑक्टोबर २०२३

आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग तसंच हातात घेऊन आजीकडे गेले, कारण मला ते माझ्या शब्दांत सांगता आलं नसतं. दादा बाजूला शिदोरीची पोती बांधत होता. मी वाचत गेले. आजी ऐकत होती, पाठ भिंतीलाच.

वाचून संपलं. मला वाटलं, आता शिव्या देणार. तर म्हणाली, "लेकरू हाय व्हय ते?"

"हो."

"मंग आदी सांगायचं की गं. मला वाटायचं, मालक काय तरी मागायलेत माज्याकडं. लेकरू बसलंय हितं येकटं, आन् मी जलमभर त्याच्याकडं पाठ करून बसले."

मग दादाला हाक मारली, "रंगनाथ, फिरीव रं मला."

दादाने खुर्ची फिरवली. दार आता तिच्या डाव्या हाताला होतं. आजी त्या फोटोकडे बघायला लागली. मी कॅमेरा घेतला, चौकोन बंद, रिंग हाताने. तू म्हणालीस तशी थांबले. ती मला खरंच विसरली, आत्या. खांदे खाली आले. मग तिने एक हात किंचित उचलला, लहान मुलाला "बस, बस" म्हणताना उचलतात तसा, आणि मी बटण दाबलं.

ठिपका वर आलाय. पण खरं सांगू, ठिपका नसता तरी चाललं असतं.

तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. बराच वेळ बघितला. "हां, ही मी हाय," म्हणाली. छापून आणला, तो दादाने प्लास्टिकमध्ये घालून छातीच्या खिशात ठेवलाय. उद्या पहाटे त्यांचा ट्रॅक्टर निघेल. आजीच्या सोबतीला दादाच्या चुलतबहिणीला, सुलाबाईला, आणून ठेवलंय.

डोळे बदलायचं काढलं तर आजी माझ्यावरच उखडली. तिने तुला एकच विचारायला सांगितलंय: त्याला काय आवडायचं खायला?

तुझी,
अर्पिता


पेडगाव,
६ नोव्हेंबर २०२३

चि. अर्पिता,

भुईमुगाच्या शेंगा. चुलीत भाजलेल्या. भाजून होईपर्यंत पुढून हलायचा नाही, म्हणून तर तसा दिसायचा.

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कस्तुराबाईंना माझा नमस्कार सांग.

आत्या


बोरी,
२ फेब्रुवारी २०२४

आत्या,

कस्तुराआजी संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेली. सकाळी सुलाबाई तिला खुर्चीत बसवून चहा आणायला गेली, परत आली तर ती खुर्चीतच गेलेली, तोंड त्या भिंतीकडे. दादा कारखान्यावरून येईपर्यंत सगळे थांबले. त्याने खिशातून फोटो काढला, त्याच्या कडांना उसाचा चिकटा लागला होता. मी मोठा करून फ्रेम करून दिला, एक प्रत तुलाही सोबत पाठवतेय.

फोटो लावताना वाद झाला. भावकीचं म्हणणं, नवऱ्याशेजारी बायकोचा फोटो लावायचा, जगात सगळीकडे तसाच असतो. दादा ऐकेना. आजीने त्याला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं: "मला मालकाच्या बाजूला नगं. समोरच्या भिताडावर लाव. तुमी उसाला गेले की घराला कुलूप. लेकराकडं कोण बघंल?" भावकीला यातलं काही कळलं नाही. दादाने समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला.

तेराव्यानंतर दादा परत कारखान्यावर गेला. सुलाबाईही तिच्या घरी गेली. किल्ली माझ्याकडे आहे, झाडझूड करायला. काल दार उघडून आत गेले. समोरासमोर दोघं एकमेकांकडे बघतायत आणि मी मधोमध उभी. मला कुणाच्या तरी बोलण्याच्या मधे आल्यासारखं वाटलं. मी बाजूला सरकले.

आजी रोज सुलाबाईला आप्पारावांच्या फोटोखाली वाटीत शेंगा ठेवायला लावायची. शेवटची वाटी तशीच राहिली होती. उचलायला गेले तर आत नुसती टरफलं. उंदीर असणार. दार मात्र मी पटकन ओढून घेतलं.

आणखी एक. परभणीला तो नवा कॅमेरा हातात घेऊन बघितला. त्याचा चौकोन आपण सांगू त्या चेहऱ्यावर बसतो, मागे जात नाही. लग्नसराई तोंडावर आहे. तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
अर्पिता


पेडगाव,
९ फेब्रुवारी २०२४

चि. अर्पिता,

आशीर्वाद. उंदीरच असणार. पण टरफलं टाकली नसशील तर टाकू नकोस.

कस्तुराबाईंचा जो फोटो तू पाठवलास तो मी देवाजवळ ठेवलाय. ती कुणाकडे बघतेय ते मला दिसतं. माझ्या लेकराकडे शेवटी आईसारखं बघणारं कुणीतरी होतं, एवढं मला पुरे आहे असं मी मनाला रोज सांगते. पुरत नाही.

नवा कॅमेरा खुशाल घे. आता तुला बघता येतं, कुठलाही घेतलास तरी काळजी नाही. जुना मात्र अजून विकू नकोस. त्याच्यावर माझं एक काम आहे.

पुढच्या गुरुवारी मी बोरीला येते. पेडगावहून परभणी, तिथून पुढची एसटी मिळेल, तू स्टँडवर ये. रंगनाथला विचारून घर उघड. मला कस्तुराबाईंच्या खुर्चीत बसव. तोंड भिंतीकडे नको. ती आधी बसायची तशी, आप्पारावांच्या फोटोला पाठ करून. तो माझ्या खांद्याच्या वर येईल असं बघ. समोरून कस्तुराबाई आहेतच लक्ष ठेवायला.

माझा आणि पप्पूचा एकत्र फोटो नाही. रोलमधला शेवटचा फोटो राहिलाय असं समज.

त्या दिवशी चौकोन चालू ठेव. तो मागे जाईल. जाऊ दे. तू रिंग फिरवू नकोस. मी पुसट आले तरी चालेल.

तुझी,
आत्या